आमच्यातलं नाही ते कोर

वाळत घातलेल्या मोहाच्या फुलांचा गोड, आंबूस वास आला की मला आर्णीजवळचा तो तांडा आठवतो. साठ सालानंतरची गोष्ट असावी, मी सातवीत होते. माझ्या वर्गातल्या बंजारा मैत्रिणीचं लग्न झालं होतं आणि भर उन्हात ती सासरी निघाली होती. त्यांच्यात नवरी निघताना एकेकीच्या गळ्यात पडून गाणं म्हणत रडते. आई झाली, काकू झाली, तांड्यातल्या मुली झाल्या, तशी मीही हात पसरून पुढे झाले. तेवढ्यात तिच्या आजीनं मला दंडाला धरून मागे ओढलं. "ई कोर छ," ती म्हणाली. मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि पुढच्या मुलीला मिठी मारली. बैलगाडी गेल्यावर मी रडत उभी होते, तेव्हा तिच्या वडिलांनी मला समजावलं, "पोरी, आमच्यातलं नाही ते कोर. तू कायले रडून राह्यली?" घरी येऊन मी रागारागानं आईला सगळं सांगितलं. आई तुरी पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुही मैतरीण आली की आपण तिले ओसरीतच बसवत होतो. तिनं तुले कधी काही म्हटलं काय?" दिवाळीला मैत्रीण माहेरी आल्याचं कळलं. ती आमच्याकडे आली नाही आणि तांड्यावर जायचं मलाही धाडस झालं नाही. आज सत्तरी ओलांडल्यावर वाटतं, जायला हवं होतं. फार तर पुन्हा कोणी कोर म्हटलं असतं.