चांगला सीए
नव्या कापडाच्या खळीचा वास आला की ताईच्या नवऱ्याचं सदर बाजारातलं दुकान आठवतं. मळक्या धोतरात आलेल्या माझ्या वडिलांना तिथे त्यांनी गिऱ्हाइकांदेखत सुनावलं होतं, "मागच्या दारानं येत जा." पुढे कराच्या तपासणीची नोटीस आली, तेव्हा तेच भाऊजी म्हणाले, "साले साहब, चांगला सीए सांगा ना, मी तर फसून राहिलो." मला दोघे माहीत होते, एक शांतपणे प्रकरण मिटवणारा, दुसरा अधिकाऱ्यांशी भांडून ते चिघळवणारा. मी मुद्दाम दुसऱ्याकडे पाठवलं. दुकान विकलं गेलं, त्या दिवशी समोरच्या टपरीवर मी चवीनं चहा प्यायलो. ताई जेवायला वाढताना अजून म्हणते, "त्या वक्ती तूच धावून आला रे, भाऊ." भाऊजींचं मला आजही काही वाटत नाही, तिच्या हातचा घास मात्र घशाखाली उतरत नाही.