शहजादीच्या तांग्यातून इंदूर

इंदूरला जाणार आहात आणि काय काय बघू म्हणून मला विचारताय, तर मी माझी इंदूरची सहल सांगते. मी इंदूरचीच, तरी ती सहलच होती. मी सांगते आणि नातसून टाइप करते, तेव्हा शुद्धलेखनाचं श्रेय तिचं.

काळ मध्यभारत राज्याचा, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांचा. हिवाळ्यात सरकार ग्वाल्हेरला मुक्कामाला जायचं, त्यामुळे इंदुरात तांगे मोकळे असत आणि तांगेवाले जरा ऐकून घेत. मी राऊकडच्या क्षयाच्या दवाखान्यात वर्षभराहून जास्त राहून नुकतीच रामबागेत घरी आले होते. माझ्यापासून आता कुणाला धोका नाही, असं डॉक्टरांनी आईसमोर सांगितलं होतं. पण सवय जात नव्हती. माझं ताट वेगळं, अंथरूण वेगळं, आणि पाण्याचं फुलपात्र ओळखू यावं म्हणून त्याला जाड लाल दोरा बांधलेला. यात आईला बोल लावू नका, तो दोरा मीच बांधला होता. मी कुणाच्या जवळ बसत नसे. आता जन्मभर हे असंच, हे मनात पक्कं बसलं होतं आणि त्याची फार भीती वाटायची.

विमल आणि शांता या शाळेपासूनच्या मैत्रिणी. विमल अंगाने भरलेली आणि हुकूम सोडणारी, शांता नावाप्रमाणे. विमल दारातूनच म्हणाली, "चल, उद्या सबंध दिवसाचा तांगा ठरवलाय. चाचांशी बात झाली आहे."

"मी कशाला? तुम्ही जा."

"फालतू बोलू नकोस. इंदूर तिथेच आहे का, ते तर बघून घे."

तांगा करीमचाचांचा, घोडी शहजादी. नावातच काय तो रुबाब, चाल मात्र सरकारी कचेरीची. मी फुलपात्र आणि ताटली पिशवीत घेतली आणि मागच्या बाजूला एकटी बसले, रस्त्याकडे तोंड करून. त्या दोघींना पुढे पाठवलं. राजवाड्यापर्यंत शहर माझ्यापासून लांब जाताना दिसत होतं. सकाळचं ऊन सातमजली दरवाज्यावर आलं होतं. बाजूच्या हॉटेलात गरम पोहे घेतले. मी माझ्या ताटलीत घेतले आणि तांग्यात बसूनच खाल्ले. पोहे राजवाड्याजवळच खा आणि सकाळीच खा, दुपारचे पोहे म्हणजे नुसती समजूत.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांकडे, म्हणजे होळकरांच्या समाध्यांकडे, उतार लागला आणि चाचांनी तांगा थांबवला.

"बाई, आगे दाब हो रिया है. सारा वज़न घोड़ी की पीठ पे आ रिया. एक जनी पीछे जाओ."

तांग्यात बसायचं ते घोडीच्या सोयीने, ही गोष्ट मी विसरलेच होते. विमल उतरली आणि सरळ माझ्या शेजारी येऊन आदळली.

"अगं, जरा लांब बस," मी म्हटलं.

"लांब कुठे बसू? रस्त्यावर?"

तिचा दंड माझ्या दंडाला लागला. इतक्या महिन्यांत नर्सच्या हाताखेरीज मला कुणाचा स्पर्श झाला नव्हता. मला रडू आलं आणि मी ते छत्र्यांचं कोरीवकाम बघण्याच्या नावाखाली लपवलं. कोरीवकाम खरंच सुंदर आहे, नीट बघा.

मग दिवसभर हेच चाललं. चढावर चाचा म्हणत, "अब पीछे उलार है," म्हणजे मागे वजन जास्त, की विमल पुढे आणि शांता मागे. काचमंदिरात पोचेपर्यंत मी दोघींच्याही शेजारी बसून झाले होते. तिथे भिंती, छत, खांब, सगळीकडे काच. वर बघितलं तर तीन मुली, पुन्हा तीन मुली, आणि त्यातली आजारी कुठली हे मलाच चटकन सापडेना.

दुपारी जुनी इंदूर नावाच्या वस्तीतल्या अरुंद गल्लीत शहजादीच्या गळ्यातल्या घुंगरांचा पट्टा तुटला. चाचा खाली उतरून बसले. घुंगरांशिवाय त्या गल्लीत कुणी बाजूला होत नसे. एक दुकानदार ओरडला, "क्यों भिया, रास्ता खरीद लिया क्या?"

"कोई मजबूत डोरी है, बाई?" चाचांनी विचारलं.

विमलने माझ्या पिशवीत हात घातला, फुलपात्र काढलं, दातांनी गाठ सोडली आणि लाल दोरा त्यांच्या हातात दिला.

"विमल, तोंड लावलंस त्याला."

"मग काय झालं? गाठ तूच मारलेली ना? उगीच इतकी घट्ट मारतेस."

चाचांनी दोरा दुहेरी करून पट्टा बांधला आणि शहजादीला थोपटलं. घुंगरं वाजली, गल्ली मोकळी झाली. संध्याकाळी लालबागेचं फाटक बाहेरूनच बघून परतलो. वाटेत गराडू घेतले, वरून जिरावणाचा मसाला आणि लिंबू. हिवाळ्यात गेलात तर हे तळलेले कंद चुकवू नका. द्रोण एकच होता. तिघींचे हात त्यात होते.

दारात उतरल्यावर चाचा म्हणाले, "बाई, धागा कल लौटा दूँगा."

"रहने दो, चाचा. शहजादी का हो गया," मी म्हटलं.

त्या तिघांचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, म्हणून आज इथे लिहून ठेवते. आणि हो, शहजादीचेही.

रात्रीची भांडी घासून आईने फुलपात्रं पालथी घातली होती. ती पुसता पुसता तिचा हात थांबला.

"यातलं तुझं कुठलं गं?"

मी जवळ जाऊन बघितलं. सगळी सारखी, सगळी लखलखीत.

"ओळखू येत नाही, आई."

आईने हाताला आलं ते फुलपात्र उचललं, माठातून भरलं आणि ती पाणी प्यायली.