पहिलं नको

चहा? दे ना बाप्पा, भरून दे! इचारतो काऊन? आता या एका 'नको'पायी माही काय फजिती झाली, ते काय सांगू तुमाले! ऐकाच.

शेगावले विद्यापीठाची परिषद होती. व्हिडिओ गेम बनवाच्या धंद्यात ज्या पोट्ट्यायले जायचं आहे, त्यायच्यासाठी. पुण्याच्या एका गेम कंपनीतल्या मॅडम येणार, आमचे गेम स्वतः खेळून पाहणार अन् एखाद्याले कामावर घेऊन जाणार! आमच्या पिंपळगाव राजा गावात बसून मी दोन वर्षं हेच स्वप्न पाहून राह्यलो होतो.

माह्या गेमचं नाव 'पंगत'. तुम्ही वाढपी. समोर जावईबापू. रोडगे, वरण, वांग्याची भाजी. जावईबापू ताटावर हात आडवा धरते अन् म्हणते, "नको, नको!" आता आपल्याकडं यावर कोणी थांबते का? वाढाचंच! तिसऱ्या नकोले थांबाचं. त्याच्या आधी थांबले तं जावई रुसून उठते अन् गेम खतम.

मॅडम खेळाले बसल्या. पहिला जावई रुसला. दुसरा रुसला. तिसरा तं बायकोले घेऊनच निघाला!

"अहो, तो नको म्हणाला म्हणून मी थांबले ना!" मॅडमनं कपाळाले हात लावला. "हा बग आहे तुमचा."

"बग नाही मॅडम. पहिलं नको रीतीचं, दुसरं लाजेचं, तिसरं खरं."

लय हासल्या. मंग पदर खोचल्यासारख्या बसल्या अन् चवथ्या जावयाले असे रोडगे हाणले, असे हाणले, का सारे पोट्टे टेबलाभवती जमा झाले.

खेळ संपला. मॅडम म्हणाल्या, "प्रफुल्ल, आमच्याकडे सहा महिने शिकायला येतोस? पगारही देऊ."

अन् मी काय म्हणलं असन?

"नको नको मॅडम, कशाले उगीच तरास!"

आता मले सांगा, माही काय चूक? कोणी काही देलं तं झटकन हात पुढं कराचा नाही, हे आईनं लहानपणापासून शिकवलेलं. मी आपला मान खाली घालून, दुसऱ्यांदा इचारायची वाट पाहत उभा.

"बरं, हरकत नाही," मॅडम म्हणाल्या. टेबलावर आपलं कार्ड ठेवलं अन् पुढच्या पोट्ट्याचा गेम पाहाले गेल्या.

माह्या गेमचे चित्रं काढणारा अझहर बाजूलेच होता. "म्याट झाला का बे?"

"थांब ना बे. अजून दोनदा इचारतीन."

"अबे, पुण्याच्या आहेत त्या!"

संध्याकाळी मॅडमची गाडी स्टेशनाकडं निघाली, तरी मी फाटकात हसऱ्या तोंडानं उभाच. कोणी इचारलं नाही. खोटं कशाले सांगू, येष्टीत रडाले आलं मले.

घरी आईले सारं सांगतलं. वाटलं, पोरगं संस्कारी निघालं म्हणून पाठ थोपटन.

"अरे पोट्ट्या, ते मी रोडग्यासाठी सांगतलं होतं! नोकरीसाठी नाही! लाव फोन!"

फोन लावला. "मॅडम, ते... ते माहं पहिलंच नको होतं."

मंग त्या जे हासत सुटल्या! "अरे देवा, म्हणजे हे पंगतीबाहेरही असतं? मग येतोस का आता?"

"हो! हो! हो!" तीन वेळा म्हणलं. भरोसा काय?

आता पुण्यात आहो. काम झकास, मॅडम देवमाणूस. फक्त एक गडबड झाली. पहिल्याच दिवशी हाफिसातल्या मावशीनं ट्रे पुढं केला, "चहा घेणार?" अन् सवयीनं तोंडातून निघालंच! मावशी "बरं" म्हणल्या अन् गेल्या. तवापासून तो ट्रे माह्या टेबलाजवळून असा सुसाट जाते, का मले नुसता वास भेटते. आता कोणत्या तोंडानं मांगू?

म्हणून सुट्टीत गावी येतो अन् पोटभर चहा पेतो. पाह्य ना भाऊ, चुलीवरच्या गंजात उरला असन तं अजून अर्धा कप. अन् मले इचारू नको, ओत!