हळद संपली त्या दिवशी

खर्डा गावात आक्काबाईचा हात न लागलेलं पोर शोधायचं तर शेजारच्या गावाला जावं लागेल. बाई शाळेत दुसरीपर्यंत गेलेली, आणि ती दुसरीही अर्धीच. पण चाळीस वर्षं झाली, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालावं ते तिनंच. तिच्या पायांवर पालथी पडून रडलेली पोरं आता निवडणुकीला उभी राहतात, आणि वाटेत ती दिसली की दुसऱ्या गल्लीला वळतात. कारण आक्काबाई चारचौघांत सांगते, "ह्यो पान्याला लई भ्यायचा बरं का. तांब्या दिसला की मुतायचा."

एवढी बाई, पण भीमाबाईच्या घरात चार दिवसांत तिचा जीव मेटाकुटीला आला.

भीमाबाईची लेक रेश्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. जामखेडच्या दवाखान्यात मुलगा झाला, चांगला पावणेतीन किलोचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून एक दिवस राहा. भीमाबाई म्हणाली, उद्या अमावस्या लागते, आजच निघतो. बरं, म्हणाल्या, मग दोन दिवसांनी पोर दाखवून जा, रक्ताचे गट जुळत नाहीत आईचे आणि बाळाचे. भीमाबाईनं मान हलवली. घरी आल्यावर शेजारीण म्हणाली, "वल्या अंगाचं पोर, येशीभायेर कशाला काढतीस?" झालं. ते दोन दिवसांनी दाखवणं तिथंच बुडालं.

आणि ती खोली! खिडकीवर गोधडी ठोकलेली, दाराला लुगडं, बाजेखाली शेगडी, कोपऱ्यात झिरोचा बल्ब. आक्काबाई आत आली की आधी खोकायची आणि मग बोलायची.

"भीमे, पोर हाय का कोंबडीची अंडी? उबवाय ठिवलंय व्हय?"

"नजर लागती आक्का. वारं लागतं."

"आगं पन दिसाय तरी पायजे! मी काल त्याचं त्वांड सोडून कोपर पुसत हुते."

भीमाबाईवर काही परिणाम नाही. ती वाटीत साय आणि हळद कालवून पुढं ठेवायची. चोळ म्हणायची, भरपूर चोळ, रंग उजळतो. आक्काबाई चोळायची. इथं तिचंही चुकलं, आणि ते तिनं पुढं कधी लपवलं नाही. चौथ्या दिवशी तिला वाटलं होतं, की पोर जरा पिवळं दिसतंय.

"हळद हाय ती," भीमाबाई म्हणाली. "तूच चोळतीस आन् तूच इचारतीस."

खरंच की, म्हणून आक्काबाई पुन्हा चोळू लागली.

पाचव्या दिवशी पाचवी. संध्याकाळी सटवाईची पूजा. पाटा-वरवंटा धुऊन ठेवलेला, त्यावर वाहायला हळदकुंकू काढून ठेवलेलं, शेजारी कोरा कागद आणि पेन, कारण त्या रात्री सटवाई येऊन पोराचं नशीब लिहून जाते. डब्यातली उरलीसुरली हळद पूजेला गेली होती.

"आज नुसती साय आन् कनकेचा गोळा फिरव," भीमाबाई म्हणाली. "हळद संपली."

आक्काबाईनं मोरीपाशी पाट घेतला, पाय लांब केले, पोर पायांवर घेतलं आणि गोळा फिरवला. कोमट पाणी घातलं. पाणी मोरीकडं पांढरं वाहून गेलं. दुसरा तांब्या घातला, तेही पांढरं. आणि पोर पिवळंच राहिलं.

अजून एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. पोर रडलं नाही. कालपर्यंत रडून घराचे पत्रे उचकटायचं, आज डोक्यावरून पाणी गेलं तरी नुसतं तोंड वेडंवाकडं करून परत झोपलं.

आक्काबाई ओल्या लुगड्यानंच उठली, पोर पदराखाली घेऊन थेट पुढच्या दारात, उजेडात. मागून भीमाबाई ओरडतेय, "आगं वारं! आगं नजर!" आक्काबाईनं अंगठ्यानं पोराचं कपाळ दाबून सोडलं. दाबलेल्या जागी पिवळं. छाती दाबली, पिवळी. पोट, मांडी, पार नडगीपर्यंत पिवळं. डोळ्याची पापणी वर केली, तर पांढऱ्याच्या जागी जुन्या कागदासारखा रंग.

"काविळ हाय," ती म्हणाली. "गाडी काढा."

भीमाबाई जी सुरू झाली ती थांबेना. कोवळं ऊन दाखवू. रेश्मानं परवा पिवळं वरण खाल्लं, त्याचंच हे. उद्यापासून तिला नुसता दूधभात देऊ. माळ घालणारा एक बाबा आहे, डोक्यावर माळ ठेवतो, कावीळ उतरेल तशी माळ लांब होत पायांत येते.

आक्काबाईनं कपाळाला हात लावला. "वरनानं पोर पिवळं हुतंय, मंग तू नऊ महिने तिला काळा च्या पाजलास, त्ये काळं का न्हाई झालं? आन् माळ म्हनं! माळ लांब हुती ती दोरा सैल असतोय म्हनून. तुज्या गळ्यात घातली तर तीबी पायात यील!"

तेवढ्यात भीमाबाईचा नवरा गोरक्षनाथ शेतावरून आला. शांत माणूस, पण शांतपणाचाही वैताग येतो. त्यानं सगळं ऐकलं, टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"आक्का, आज पाचवी हाय. आजच्या दिस पूजा हुंद्या. उद्या उजाडताच निगू."

"व्हय की," भीमाबाईला जोर आला. "सटवाई येनार आन् पोर घरात न्हाई! मंग लिव्हायचं कुटं तिनं?"

"भीमे, त्या दवाकान्यात रोज दहा पोरं जन्माला येत्यात. त्यांच्या कपाळावर कोन लिव्हतं, तलाठी? सटवाईला जामखेड ठावं न्हाई व्हय?"

"देवाधर्माची चेष्टा नगं."

"चेष्टा तुमी चालवलीया, पोराची!"

गोरक्षनाथानं पुन्हा टोपी काढली. आक्काबाईला वाटलं, ही टोपी एकदा चुलीत घालावी. ती पोराला घेऊन उंबऱ्यावरच बसली. आत जाईना, बाहेर जाईना.

"समोर बग भीमे," ती हळू आवाजात म्हणाली.

समोरच्या ओट्यावर कल्याण बसला होता. तिशीचा गडी, मान एका बाजूला कललेली, हात वाकडे. आई त्याला भरवत होती. जन्मला तेव्हा असाच पिवळा होता. आठ दिवस गल्ली बघायला येत होती, सोन्यासारखं पोर म्हणून. ते सोन्यासारखं आधी आपणच म्हणालो, हे आक्काबाईला आठवत होतं आणि भीमाबाईलाही. न्हाऊ घालायला आक्काबाईच होती. वर्षाचा झाला तरी मान धरेना, हाकेला बघेना, म्हणून तिनं एकदा त्याच्या पाठीमागं मुद्दाम पितळी तांब्या फरशीवर टाकला. घरातलं मांजर पळालं. कल्याण दचकलाही नाही.

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी ती त्याला बिस्किटाचा पुडा नेते. का नेते, हे कुणी विचारत नाही.

दाराचं लुगडं सरकलं. आत बाजेवर असायला हवी ती रेश्मा कानाला रुमाल बांधून उभी होती. पायांत चप्पल.

"आई, सकाळपास्नं त्यानं दोनच घोट घेतलेत," ती म्हणाली. "मला वाटलं, पोट भरलंय." मग बापाकडं वळली, "दादा, टेम्पो काढा. न्हाईतर मी रस्त्यावर जाऊन गाडीला हात करते."

गोरक्षनाथ टोपी न काढता टेम्पोकडं गेला.

भीमाबाई तोंडातल्या तोंडात बडबडत आत गेली. बाहेर आली ती दुपटी, टोपरं, आणि पूजेचा कोरा कागद नि पेन पिशवीत घालून. आक्काबाईनं बघितलं. उंबऱ्यावरून उठून तिला वाट करून दिली.

टेम्पोत कांद्याचा वास मुरलेला. पुढं रेश्मा, आक्काबाई. मागच्या हौद्यात भीमाबाई, पिशवी उराशी धरून. वाटभर आक्काबाई पोराच्या तळव्याला टिचक्या मारत होती आणि रेश्माला सांगत होती, "पाज. झोपलं तर उठवून पाज."

दवाखान्यात टाचेतून रक्त घेतलं. कावीळीचा आकडा आला एकोणीस, धोक्याच्या रेघेला टेकलेला. डॉक्टरीणबाईंनी आधी रागावून घेतलं, मग समजावलं. बाळाचं जुनं रक्त मोडतं, त्यातून पिवळा रंग निघतो. तो बाहेर टाकणारं काळीज, म्हणजे लिव्हर, नवीन असतं, त्याला झेपत नाही. दहातल्या सहा बाळांना थोडी कावीळ येतेच आणि बहुतेकांची आपोआप जाते. पण रक्ताचे गट जुळत नसले की रंग भराभर वाढतो आणि डोक्यात चढतो. मग मेंदूचं, कानांचं नुकसान होतं, ते परत भरून येत नाही. पहिल्याच दिवशी पिवळं दिसलं, पाय पिवळे झाले, बाळ पीत नाही, उठत नाही, यातलं एक जरी दिसलं तर पंचांग बघायचं नाही, निघायचं.

"कवळं ऊन दावलं अस्तं तर?" भीमाबाईनं विचारलंच.

"एवढी कावीळ उन्हानं उतरत नाही, आजी. पाणी, मध, गुटी काही द्यायचं नाही. आईचं दूध, दोन-दोन तासांनी. रंग शी-शूतूनच बाहेर जातो. बाकीचं काम या निळ्या दिव्याचं."

पोराला उघडं करून, डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या उजेडात ठेवलं. भीमाबाई काचेतून बघत राहिली. "बया! हितं उजेडानं बरं करत्यात. आन् आमी खिडकीला गोधडी ठोकली."

"मी चार दिस काय म्हनत हुते? रामायन वाचत हुते?"

संध्याकाळी भीमाबाईनं कागद-पेन गादीखाली सरकवलं. नर्सबाईंनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. सकाळी कागद कोराच होता. पण पायथ्याशी टांगलेल्या फाईलवर बरंच काही लिहिलेलं दिसलं. भीमाबाईनं ती उलटीसुलटी करून पाहिली.

"आक्का, काय लिव्हलंय गं?"

"मला काय इचारतीस? सटवाईचं अक्षर कुनाला लागलंय आजवर?"

तिसऱ्या दिवशी आकडा दहावर आला. महिन्याभरानं कान तपासायला आणा, म्हणून घरी सोडलं.

आता गावात भीमाबाई सांगत फिरते, "मी बगताक्षनी वळकलं, काविळ हाय म्हनून. ही आक्का तर नुस्ती हळद चोळत बसलीवती." आक्काबाईच्या कानावर हे आलं, तेव्हा तिनं दात खाल्ले. पण त्यातलं अर्धं खरं होतं, म्हणून भांडायला गेली नाही. आता कुणाचंही पोर न्हाऊ घालायला गेली, की ती आधी खिडकी उघडायला लावते आणि हळदीची वाटी आल्या पावली परत पाठवते.

दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्या आंघोळीला गोधडी काढलेली होती. मोरीपर्यंत ऊन आलेलं. पोर पायांवर झोपेला आलं होतं. आक्काबाईनं हातातला पितळी तांब्या उचलला आणि मागं फरशीवर सोडून दिला.

ठण्ण!

पोर दचकलं, दोन्ही हात फेकले आणि असं रडलं की पत्रे उचकटले.

"आगं, हात मोडलं का तुजं?" भीमाबाई धावत आली. "तांब्याला पोचा आला की! भ्यालं ना माजं लेकरू!"

आक्काबाईनं तांब्या हातात घेतला, पोचा अंगठ्यानं चाचपला.

"भ्यालं," ती म्हणाली. "भ्यायलाच पायजे हुतं."