मावशीच्या पत्त्यावरचे भाचे

माझ्या मावशीला भाचा एकच, तो म्हणजे मी. कागदोपत्री मात्र तिला बत्तीस भाचे आहेत, आणि कुणाला कोणत्या कंपनीत कधी चिकटवलं हे तिला तोंडपाठ आहे. माझा वाढदिवस ती दरवर्षी विसरते.

मावशी शिवणकाम करते. रस्त्याला लागून तिची एकच खोली, दारातच मशीन. पँट आखूड करणं, शर्टाची कॉलर उलटवणं, गणवेश अंगाबरोबर करून देणं ही तिची कामं. नोकरीसाठी मी तिच्याकडेच राहतो. खोलीला खेटून मागच्या गल्लीची वाट जाते. गल्लीत दिवे लागत नाहीत, कचऱ्याची गाडी येत नाही, पाणी मनात येईल तेव्हा येतं. रस्त्यावरची सायकल चोरीला गेली की पोलीस गल्लीत शिरतात. गल्लीतली गेली तर कुणी फिरकत नाही. आणि गल्लीत चोर नाहीत असंही नाही. आहेत. मावशीची जड इस्त्री तिथल्याच एका पोराने लांबवली होती. "हाताला काम नसलं की हात नको तिथे जातो," एवढंच म्हणून तिने नवी घेतली. माझं डोकं फिरलं होतं.

गल्लीचा पत्ता लिहिलेल्या अर्जाला उत्तर येत नाही. म्हणून अर्जावर मावशीचा पत्ता. पत्रं आली की ती मापांच्या वहीत ज्याच्या त्याच्या टोपणनावाच्या पानात घालून ठेवते. चौकशीचा फोन आला की बिनधास्त ठोकून देते, "हो हो, माझा भाचाच तो. आत्ताच जेवून गेला."

"मावशी, एक दिवस अंगाशी येईल हं," मी म्हणायचो.

"येऊ दे. अंगाबरोबर करून घेईन."

गेल्या वर्षी एका दुपारी ते अंगाशी आलं. एक पोलीस अधिकारी आणि एक शिपाई दारात उभे राहिले. बत्तिसातला एक लिफ्ट दुरुस्त करतो. त्याला सगळे लिफ्टवालाच म्हणतात. तो कामाला गेलेल्या एका ऑफिसातून दोन लॅपटॉप गेले होते. त्याच्या हत्यारांच्या पेटीत काही सापडलं नव्हतं. पण अर्जावरचा पत्ता खोटा निघाला तर कंपनी त्याला त्याच दिवशी काढणार होती, आणि चोर हा शिक्का कायमचा बसणार होता. घरी दोन लहान मुली. खरं सांगतो, माझ्या मनात आलं, चोरी केली असेल यानेच. सोळाव्या वर्षी मावशीची इस्त्री नेणारा हाच होता.

"हा इथे राहतो?" साहेबांनी विचारलं.

मावशी आता ठोकून देणार, असं मला वाटलं.

"नाही," मावशी म्हणाली. "मागच्या गल्लीत राहतो. फोनवर मी खोटं बोलते साहेब, पण तोंडावर नाही जमत."

"मग पत्ता तुमचा कसा?"

"चार अर्जांवर त्याने खराच लिहिला होता. एकालाही उत्तर नाही. पाचव्यावर माझा लिहिला, तर आठवड्यात बोलावणं. माणूस तोच, शिक्षण तेच. आता तुम्हीच सांगा, चुकलं कुणाचं?"

साहेब भडकले. त्यांनी मशीनवरची वही उचलली. "लंबू, बाटली, डबल कॉलर... हे काय आहे?"

"छाती आणि कंबर," मावशी म्हणाली.

वहीतून दोन पाकिटं खाली पडली. साहेबांनी त्यांवरची नावं आणि पत्ता वाचला. "असे अजून किती आहेत? सगळ्यांची नावं हवीत मला."

"नावं नाही देणार," मावशी म्हणाली. "मला न्या हवं तर."

तेव्हा दारातला शिपाई पुढे आला.

"साहेब, त्या वहीत माझंही माप आहे." त्याने टोपी काढून हातात घेतली. "बारा वर्षांपूर्वी माझं भरतीचं पत्र इथेच आलं. मी त्याच गल्लीतला."

साहेबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग वही मिटून मशीनवर ठेवली आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन कागद काढला, आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, "पत्ता पडताळला. मावशीकडे राहतो." कुणाकडेही न बघता ते निघून गेले. शिपाई जाताना मावशीला एवढंच म्हणाला, "येतो."

लॅपटॉप कुणी नेले ते कधीच कळलं नाही. लिफ्टवाल्याची नोकरी टिकली. संध्याकाळी तो हात जोडायला आला, तर मावशी त्याच्यावरच खेकसली. "हात कसले जोडतोस? कपडे घेऊन ये. साहेबांनी लिहून दिलंय, त्यांचं लिहिलेलं खोटं पडता कामा नये. महिनाभर इथे राहायचं."

खाट एकच होती, माझी. मावशीने माझी गादी उचलून जमिनीवर टाकली आणि खाटेवर धुतलेली चादर घातली. पोलिसांनी त्या माणसावर फक्त संशय घेतला होता. त्याला चोर ठरवून मोकळा झालेला त्या खोलीत मी एकटाच होतो.