डाव्या रकान्यातली लिफ्ट

माझा स्वभाव तापट आहे, हे मी कबूल करते. पण त्या माणसाने मला जेवढं तापवलं तेवढं माझ्या सासरच्या सगळ्यांनी मिळूनही कधी तापवलं नव्हतं.

तो माणूस म्हणजे माझ्या क्लिनिकचा जागामालक. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत त्याची चार मजली कमर्शियल इमारत आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावर मी फिजिओथेरपीचं क्लिनिक सुरू केलं. माझे बहुतेक पेशंट साठीच्या पुढचे, कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, कुणाचा खुबा. त्यांना वर आणणारी एकच गोष्ट म्हणजे लिफ्ट. जागा बघायला गेले तेव्हा मी भिंतींचा रंगसुद्धा पाहिला नाही. लिफ्टमध्ये व्हीलचेअर मावते का, तेवढं टेप लावून मोजलं.

करार पाच वर्षांचा, पहिली तीन वर्षं जागा सोडायची नाही या अटीवर. भाडं ठरलेलं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. भानगड होती ती भाड्यावरच्या मेंटेनन्सची. झाडू, वॉचमन, पाणी, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सगळा सामायिक खर्च गाळेधारकांत वाटला जायचा. माझ्या वकील मैत्रिणीने करारात एक वाक्य घालून दिलं होतं, की मालकाच्या नियंत्रणातले खर्च वर्षाला पाच टक्क्यांपेक्षा जास्त वाढणार नाहीत. मी खूश! पण नियंत्रणातले म्हणजे कोणते, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं तर तो म्हणाला, "ताई, आपण घरची माणसं. ते बघू की नंतर." आणि मी, शिकलीसवरलेली बाई, मान डोलावून सही करून आले.

वर्षभराने मेंटेनन्स दीडपट झाला. मी तणतणत त्याच्या तळमजल्यावरच्या ऑफिसात गेले. तो खुर्चीत रेलून म्हणाला, यातलं काहीच माझ्या हातात नाही. वॉचमन सुरगाण्याकडचा, भातलावणीला गावी गेला, बदली माणूस एजन्सीकडून महागात आणावा लागला. एजन्सी कुणाची? त्याच्या मेहुण्याची. सिंहस्थ जवळ आलाय म्हणून सगळ्यांनीच दर वाढवलेत, हे दुसरं. धरणातून पाणी कमी सुटलं म्हणून टँकर मागवले, हे तिसरं. "आता धरण काय माझ्या बापाचं आहे का ताई?" आणि वर स्वतःच हसला. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी त्याच्याच टेबलावरचा कागद ओढला आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे तुमच्या हातातलं, उजवीकडे तुमच्या हाताबाहेरचं. चला, आज सोक्षमोक्ष लावू.

दोन तास भांडलो आम्ही. दोनदा चहा आला आणि दोनदा गार झाला. घरपट्टी उजवीकडे, मान्य. इमारतीचा विमा उजवीकडे, तोही मान्य. वॉचमन मी डावीकडे ओढला. "लावणी माझ्या हातात नाही," तो म्हणाला. "नसेल, पण एजन्सी तुम्ही निवडली. मेहुणा तुम्ही केलाय, सरकारने नाही." टँकरवरून तो हमरीतुमरीवर आला. शेवटी विजेवर अडलं. तो म्हणाला, विजेचा दर मी ठरवतो का? त्यावर मी जे बोलले ते मला तेव्हा फारच हुशारीचं वाटलं होतं. मी म्हणाले, "दर लिहा उजवीकडे. पण युनिट किती जाळायचे ते तुमच्या हातात आहे, ते डावीकडे. आणि लिफ्ट अख्खीच्या अख्खी डावीकडे. कंत्राट तुमचं, बटण तुमचं."

त्याने कागद स्वतःकडे ओढला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाला, "बरं. तुम्ही म्हणता तसं."

मला तेव्हाच कळायला हवं होतं, हा माणूस इतका सहज 'बरं' म्हणणारा नाही. मैत्रिणीला फोन केला तर ती म्हणाली, कागद करारालाच जोडू, पण लिफ्ट किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत चालेल तेही लिहून घे. मी म्हटलं, "लिफ्ट चालणारच ना गं! नाहीतर काय शोभेला ठेवणार आहे?" मला एवढी घाई झाली होती की मी तसाच कागद जोडून दोघांच्या सह्या करून घेतल्या. घरी जाताना पेढे घेतले. पेढे! आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पुढच्या सोमवारी लिफ्टच्या दारावर पाटी लागली. लिफ्टची वेळ सकाळी दहा ते एक, संध्याकाळी पाच ते आठ. मी खाली धावले.

"ताई" संपलं होतं. "मॅडम, तुम्हीच लिहून घेतलंत ना, खर्च माझ्या हातात आहे म्हणून? मग मी कमी केला. खर्च वाढवायला तुम्ही बंदी केली, कमी करायला नाही."

मी कागद पुन्हा पुन्हा वाचला. तो खरं बोलत होता, मेला. मग मात्र मी हट्टाला पेटले. दुपारचे पेशंट सकाळ-संध्याकाळच्या वेळांत हलवले, त्यातले दोघे सोडून गेले, तरी मी ढिम्म. महिनाभरात तो तीनदा म्हणाला, की लिफ्टची एक ओळ डावीकडून उजवीकडे न्या, आजपासून दिवसभर चालवतो. मैत्रीणही म्हणाली, "कर ना सही. थोडे जास्त जातील, बाकी काय?" मला पैशाचं काहीच पडलं नव्हतं. त्याच्यासमोर एक ओळ बदलायची म्हणजे नाक घासणं, आणि ते मी करणार नव्हते.

दुपारच्या पेशंटपैकी एक काकू मात्र हलेनात. नाशिक रोडच्या, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. सकाळी त्या नातवाला सांभाळायच्या, आणि मुलाची पहिली पाळी सुटली की तो त्यांना अडीचला गाडीवर आणून सोडायचा. दुसरी वेळ त्यांच्याकडे नव्हतीच. पहिल्या दिवशी त्यांनी जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हसून म्हणाले, "हळूहळू चढा काकू, तेवढाच व्यायाम होतो." त्यांनी विश्वास ठेवला. माझ्यावर त्या नेहमीच विश्वास ठेवायच्या. तीन आठवडे त्या कठडा धरून, दर मजल्यावर थांबत, तीन मजले चढत होत्या. त्या गुडघ्यांना एवढा जिना नको होता, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

चौथ्या आठवड्यात त्या दुसऱ्या मजल्यावर पायरीवरच बसल्या. उजवा गुडघा सुजून टरारला होता. मी बर्फाची पिशवी घेऊन खाली पळाले आणि तिथेच बसून गुडघ्याला लावू लागले. एवढ्यात मालक जिना चढून वर आला. आमच्याकडे बघून थांबला. माझ्याशी एक शब्द न बोलता काकूंनाच म्हणाला, "मावशी, मी मॅडमना तीनदा सांगितलं, एक सही करा, आत्ता लिफ्ट चालू करतो. त्याच करत नाहीत. आता तुम्हीच सांगा, माझा काय दोष?" आणि चौथ्या मजल्याकडे निघून गेला.

काकूंनी विचारलं, "खरं का गं?"

"हो काकू, पण त्याने काय केलं माहितीये, तो कागद आहे ना..."

"कागद राहू दे." त्यांनी माझ्या हातातली बर्फाची पिशवी बाजूला केली. "तो मालक आहे, तो त्याचं बघणारच. तू मला व्यायाम म्हणून सांगितलंस."

आयुष्यात पहिल्यांदा भांडायला तोंडच उघडेना. मुलगा येईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मग त्याच्या खांद्याचा आधार घेऊन एकेक पायरी उतरल्या, आणि मी मागून धरायला गेले तर म्हणाल्या, राहू दे.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी त्याच्या ऑफिसात गेले आणि सही केली. लाज वाटत होती, पण त्याची नाही. तो जिंकल्यासारखा हसेल असं वाटलं होतं. हसला नाही, उलट चहा सांगितला. त्याचा मला जास्त राग आला. दुपारी एक वाजून गेला तरी लिफ्ट चालू होती. मी लगेच काकूंच्या घरी फोन लावला. सुनेने उचलला. म्हणाली, त्या झोपल्यात. संध्याकाळी केला, तेव्हाही त्या झोपलेल्याच होत्या. आठवडाभर मी रोज वेगवेगळ्या वेळी फोन करत राहिले. सून दर वेळी अगदी नीट, मान राखून बोलायची. काकू एकदाही जाग्या सापडल्या नाहीत.