आतून निघालेली बोटं

तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत, नव्या एसटीडी बूथशेजारी तसबिरी मढवणारा तो माणूस मला एकदाच भेटला. तेव्हा मी कॉलेजच्या संगणकावर एकच गोष्ट पुन्हापुन्हा घडवून बघत होते: दोन काचांमधल्या चिंचोळ्या फटीत पातळ द्रव दाट द्रवात घुसला, की त्याला बोटं फुटतात. तसलीच बोटं माझ्या वारलेल्या वडिलांच्या, अप्पांच्या, तसबिरीत काचेखाली उमटली, म्हणून ती घेऊन मी त्याच्याकडे गेले.

अप्पांच्या डोळ्यांवर तळहात ठेवूनच त्यानं खिळे उपटले.

"ओल शिरलीय," मी म्हटलं.

काच उजेडात धरून तो आमच्या तंजावरी मराठीत म्हणाला, "ओल बाहेरून आंत येती, अम्मा. हे आंतून बाहेर निघालं की."

मला रागच आला. हा विषय माझा. पण टोकं जिकडे, तिकडे द्रव चाललेला असतो. इथे सगळी टोकं चौकटीकडे होती आणि मुळं अप्पांच्या छातीशी.

नवी काच बसवून त्यानं मागे कागद चिकटवला, पण खाली बोटभर जागा मोकळी ठेवली. "गेलेल्यांना वाट ठेवतों आम्ही."

काच आजही स्वच्छ आहे. तसबिरीखालच्या भिंतीवर मात्र ओल उतरलीय. तिलाही बोटं आहेत, आणि टोकं दाराकडे.